व्यायामाच्या कॅलरी परत खायच्या का? दोन्ही करून बघितल्यावर

वजन कमी करायला घेतलं की पहिल्या आठवड्यातच हा प्रश्न येतो. कॅलरी मोजायच्या ॲपने दिवसाला १६०० दिलेत, संध्याकाळी तासभर चालून आलो, घड्याळ म्हणतंय ४०० जळल्या, मग आज २००० खायच्या का १६०० च? मी दोन्ही पद्धती काही काही महिने काट्यावर मोजून, लिहून ठेवून केल्यात, त्यामुळे पुढचं सगळं स्वतःवरून सांगतोय, तुमचं शरीर थोडं वेगळं वागू शकतं हे धरूनच वाचा.

तर दोन पद्धती अशा. एकीत बसून काम करणाऱ्याचा खर्च धरून बेस आकडा काढायचा आणि ज्या दिवशी जेवढा व्यायाम, तेवढं त्या दिवशी वर खायचं. दुसरीत आठवड्याचा व्यायाम आधीच सरासरीत धरायचा आणि रोज एकच आकडा खायचा, आज चाललात तरी तोच, नाही चाललात तरी तोच. कागदावर आठवड्याचं उत्तर जवळपास सारखंच येतं. माझंच बघा, तेव्हा वजन ८४ होतं. शरीर नुसतं पडून असताना जेवढं जाळतं त्याला हालचालीच्या गुणकाने गुणायचं, तर बसल्या जागचा खर्च १.२ च्या गुणकाने २१०० च्या आसपास, व्यायाम धरून १.३७५ ने २४०० च्या आसपास. मधल्या ३०० मध्ये माझं आठवड्यातून पाच दिवसांचं चालणं आणि रविवारची लांब सायकल बऱ्यापैकी बसते. ५०० चं डेफिसिट, म्हणजे खर्चापेक्षा ५०० कमी खाणं, धरलं तर एकीकडे १६०० अधिक व्यायाम, दुसरीकडे सरळ १९००.

घोळ होतो तो दोन्ही एकत्र केल्यावर, आणि मी नेमकं तेच केलं होतं. ॲप सेट करताना ‘थोडेफार ॲक्टिव्ह’ निवडलं, म्हणजे चालणं-सायकल आकड्यात आधीच आलेलं, आणि वर घड्याळ जोडून ठेवलं, ते रोज तेवढंच पुन्हा देत होतं. सात आठवडे वजन ८४ च्या पुढेमागे. मला वाटायचं खाणं मोजण्यात चूक होतेय, म्हणून तेलाचा चमचासुद्धा काट्यावर ठेवून मोजायला लागलो, आणि चूक सेटिंगमध्ये होती. तुमचंही वजन हलत नसेल तर आधी हे एकदा तपासाच, बाकीचं नंतर.

आता पहिल्या पद्धतीबद्दल चांगलं ते आधी सांगतो. ज्यांचा व्यायाम नियमित नाही, एका आठवड्यात पाच दिवस आणि पुढच्या आठवड्यात शून्य, त्यांना सरासरी लागूच पडत नाही, त्यांच्यासाठी त्या-त्या दिवशी मोजणंच बरं. मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांचंही तसंच, २५ किलोमीटर पळायच्या दिवशी नेहमीचा आकडा खाऊन चालणारच नाही. शिवाय ‘चाललो तर थोडं जास्त खाता येईल’ या विचाराने बरेच जण घराबाहेर पडतात, तेही काही कमी नाही.

पण जळलेल्या कॅलरीचा आकडा किती खरा, इथे गाडी अडते. २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मनगटावरची सात उपकरणं तपासली होती. हृदयाचे ठोके बहुतेकांचे बरे आले, कॅलरी मात्र कुणालाच नीट जमल्या नाहीत, सगळ्यात अचूक उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं. दुसरं म्हणजे घड्याळ किंवा ट्रेडमिल दाखवतं त्यात बऱ्याचदा तुम्ही नुसते बसून राहिला असता तरी जळल्याच असत्या त्या कॅलरीही असतात. ८४ किलोचा माणूस ताशी ५ किलोमीटरने तासभर चालला तर साधारण २९० होतात, त्यातल्या ८४ बसून पण गेल्या असत्या, म्हणजे व्यायामाच्या खऱ्या २१० च्या आसपास. माझं घड्याळ त्याच चालण्याला ४०० म्हणायचं. रोज जवळपास १९० चा फरक, पाच दिवसांत साडेनऊशे, म्हणजे डेफिसिटचे दोन दिवस गेलेच की.

तरीही आकडा चुकतो म्हणून मी ही पद्धत सोडली नसती. अर्ध्याच परत खायच्या हा उपाय बरेच जण सांगतात आणि तो चालतोही, मी महिनाभर केला. सोडली ती दुसऱ्याच त्रासामुळे.

ॲप काय करतं, सकाळच्या हालचालीवरून दिवसभराचा अंदाज बांधतं. सकाळी चालून आलो की दुपारी अडीचला हिरव्या रंगात ‘अधिक २२०’ दिसायचं. पाचच्या चहाबरोबर मी ते हिशोबाने खायचो, मोजून, लिहून. मग संध्याकाळी काम निघालं, खुर्चीतून उठलोच नाही, आणि रात्री साडेनऊला बघतो तर २२० चे ६० झालेत आणि खाली लाल अक्षरात उणे १६०. म्हणजे मी जास्त खाल्लं असं नाही, दिलेलं खाल्ल्यावर ते परत काढून घेतलं. जेवण झालेलं, दात घासून झालेले, आता करणार काय? मी पायात मोजे घालून, आवाज नको म्हणून, दिवाणखान्यात अंधारात फेऱ्या मारायला लागलो. अकरा वाजले तरी मनगट वर करून बघतोय, उणे ७०, उणे ४०. बायको दारात येऊन म्हणाली, “अहो, झोपा ना आता, उद्या चाला.” हे एकदा झालं असतं तर लिहिलंही नसतं, पण आठवड्यातून तीनचार रात्री हेच. जेवायला बसलो तरी ताटाकडे बघायच्या आधी मनगटाकडे बघायचो, आणि भूक लागलीय का हे मला कळेनासं झालं होतं. मला त्याचं खरंच वाईट वाटायला लागलं.

मग रागाने दुसऱ्या टोकाला गेलो. १६०० म्हणजे १६००, व्यायामाचं काही परत खायचं नाही. पाच आठवड्यांत साडेचार किलो उतरले, आकडा भारी वाटतो, पण रविवारी तीन तास सायकल मारून आल्यावर कुलपात किल्ली घालताना हात थरथरायचा, रात्री दोनला भुकेने जाग यायची आणि सोमवारी समोर येईल ते खाल्लं जायचं. त्या एका सायकलीलाच १४०० च्या वर जायच्या, उरलेल्या दीडशे-दोनशेत शरीराने दिवस काढायचा कसा. असं दीर्घकाळ चाललं तर हाडं, हार्मोन्स, प्रतिकारशक्ती सगळ्यावर परिणाम होतो, बायकांची पाळी थांबू शकते, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूंमधल्या या प्रकाराला ‘रेड-एस’ (खेळातली तुलनेने ऊर्जेची कमतरता) असं नावच दिलं. त्यामुळे बेस आकडा बसून असणाऱ्याचा आणि वर व्यायामाचं शून्य, हे कुणालाच सुचवणार नाही. आणि इन्सुलिन घेत असाल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

शेवटी टिकलो ते रोजच्या एकाच आकड्यावर. १९०० धरले, आणि रविवारसाठी एवढंच की बाकी सहा दिवस १८०० आणि रविवारी २५००, आठवड्याची बेरीज तीच. रविवारच्या खाण्यातलं निम्मं सायकलच्या आधी आणि मधे खायचं, सगळं रात्रीवर ढकलायचं नाही. सोमवारची खा-खा दुसऱ्याच आठवड्यात थांबली.

हा आकडाही अंदाजच आहे ना, असं कुणी म्हणेल, आणि बरोबर आहे. पण तो दुरुस्त करता येतो. रोज सकाळी वजन करायचं, सात दिवसांची सरासरी काढायची, चार आठवड्यांनी बघायचं. एक किलो चरबीच्या साधारण ७७०० कॅलरी धरतात. समजा चार आठवड्यांत १.२ किलो उतरलं, तर डेफिसिट रोजचं ३३० पडलं, ५०० नाही, मग आकडा दीडशेने खाली घ्यायचा किंवा आहे तेवढ्यावर समाधानी राहायचं. घड्याळ किती चुकतं, खाणं मोजताना तुम्ही किती चुकता, सगळं त्यात आपोआप येतं. हर्मन पाँट्झर या मानवशास्त्रज्ञाचं २०१६ चं काम आहे, व्यायाम वाढवत नेला तर एका मर्यादेनंतर दिवसभराचा एकूण खर्च त्या प्रमाणात वाढत नाही, शरीर दुसरीकडे काटकसर करतं. ते तुमच्या बाबतीत कितपत होतंय हे मनगटावरचं घड्याळ सांगू शकणार नाही, काटा थोडाफार सांगतो. रोज वेगळा आकडा खाल्ला तर हीच दुरुस्ती करणं फार अवघड जातं, कारण नेमकं काय चुकलं तेच सापडत नाही.

याचा तोटाही आहे. आठवडाभर आजारी पडलात किंवा प्रवासात असाल, व्यायाम शून्य, तर आकडा स्वतः लक्षात ठेवून खाली घ्यावा लागतो, मी अशा वेळी १७०० करतो. आणि वजन उतरेल तसा खर्चही उतरतो, ७५ ला आल्यावर मला १८०० करावे लागले. सुरुवातीचे तीन-चार आठवडे धीरही धरावा लागतो, रोजचं हिरवं बक्षीस नसतं.

मला साडेचार महिने लागले, ७९.५ वरून ७२.५. घड्याळ अजून वापरतो, ठोके आणि पावलं बघायला, ॲपशी असलेली जोडणी मात्र काढून टाकली आणि कॅलरीचा चौकोन स्क्रीनवरून हटवलाय. रात्री दहाला झोपतो.