मी फक्त ‘हो’ म्हणत गेले आणि माझं मेडिकेअर बदललं

२०२३ चा ऑक्टोबर. हे फिरायला गेले होते, म्हणून वाचले. फोन मी उचलला.

पलीकडची मुलगी फार अदबीने बोलत होती. ‘मी मेडिकेअरकडून’, म्हणजे अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याकडून, ‘बोलतेय’ असं ती म्हणाली, हे मी कोणालाही शपथेवर सांगितलं असतं. पुढे रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा कळलं की ती ‘मेडिकेअर बेनिफिट्सविषयी बोलतेय’ असं म्हणाली होती. त्या एका शब्दाने काय फरक पडतो, हे कळायला मला चार महिने लागले.

तिचं म्हणणं एवढंच, की माझ्या वयाच्या लोकांना काही जादा सवलती मिळतात आणि मी त्या घेतच नाहीये. दात, चष्मा, शिवाय वाणसामानासाठी पैसे भरलेलं कार्ड. ‘तुमच्याकडे पार्ट ए आणि पार्ट बी दोन्ही आहेत ना? मग तुम्ही पात्र आहात!’ (पार्ट ए म्हणजे इस्पितळाच्या खर्चाचा भाग, पार्ट बी म्हणजे डॉक्टरच्या.) मला लॉटरी लागल्यासारखं वाटलं. पासष्टी ओलांडलेल्या बहुतेक सगळ्यांकडेच हे दोन्ही असतात, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. मग तिने कार्डावरचा अकरा अक्षरांचा नंबर मागितला आणि मी पर्समधून कार्ड काढून तो वाचून दाखवला. कोणी बँकेचा पिन मागितला असता तर मी ताडकन फोन ठेवला असता. हा नंबर मात्र दवाखान्यात नेहमीच देतो, म्हणून दिला.

शेवटी तिने भराभर काहीतरी वाचून दाखवलं. प्रत्येक वाक्यानंतर ‘समजलं का?’ आणि माझं ‘येस, येस’. जाता जाता म्हणाली, ‘आता तुमची ती जुनी मेडिगॅप पॉलिसी बंद करून टाका, उगाच दुहेरी हप्ता कशाला?’ मेडिगॅप म्हणजे मेडिकेअर देत नाही त्या उरलेल्या खर्चासाठीचा पूरक विमा.

डिसेंबरमध्ये एक जाड पाकीट आलं. ऑक्टोबर ते डिसेंबर आमच्या न्यू जर्सीतल्या घरी अशा पाकिटांचा नुसता पाऊस पडतो, सगळी जाहिरातीची. तेही न उघडता रद्दीत गेलं. ही चूक निखालस माझी.

माझ्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला आजार आहे. ठरावीक आठवड्यांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं, नाहीतर मधलं दिसणं धूसर होत जातं. जानेवारीचं इंजेक्शन घेतलं. फेब्रुवारीच्या मध्यावर पुन्हा गेले, तर काउंटरवरच्या बाईंनी हळूच सांगितलं, ‘मागचा क्लेम परत आलाय. तुम्ही आता ॲडव्हान्टेज प्लॅनमध्ये आहात आणि आमचे डॉक्टर त्यांच्या नेटवर्कमध्ये नाहीत.’ मागचं बिल दोन हजार डॉलरच्या घरात होतं. त्या दिवशीचं इंजेक्शन झालंच नाही.

नेमकं काय झालं होतं ते सांगते, कारण आपल्यातल्या भल्याभल्यांना हे माहीत नसतं. मूळ सरकारी मेडिकेअर डॉक्टरच्या बिलाचे साधारण ८० टक्के देतं आणि उरलेल्या २० टक्क्यांसाठी आपण मेडिगॅप घेतो. मेडिकेअर स्वीकारणारा कुठलाही डॉक्टर चालतो. ॲडव्हान्टेज म्हणजे पार्ट सी. हे मूळ मेडिकेअरच्या वर मिळणारं जादा काही नसतंच. तुमची सगळी व्यवस्था खाजगी कंपनीकडे जाते, आणि माझ्यासारखा एचएमओ प्रकारचा प्लॅन असेल तर डॉक्टरही त्यांच्या यादीतलाच लागतो. तुम्ही त्यात शिरलात की औषधांचा वेगळा पार्ट डी आपोआप रद्द होतो, मेडिगॅप एक पैसा देत नाही. ॲडव्हान्टेज वाईटच असतं असं माझं म्हणणं नाही. माझ्या नणंदेला ते उत्तम लागू पडलंय. पण तिने ते निवडलं होतं.

मला वाचवलं ते माझ्या आळसाने. ती मेडिगॅप पॉलिसी मी बंद केलीच नव्हती, हप्ता आपला खात्यातून जात होता. बंद केली असती तर? पार्ट बी सुरू झाल्यापासूनचे पहिले सहा महिने मेडिगॅपवाले तब्येतीवरून नकार देऊ शकत नाहीत. नंतर बऱ्याच राज्यांत देऊ शकतात. पहिल्यांदाच ॲडव्हान्टेजमध्ये गेलेल्याला वर्षाच्या आत जुनी पॉलिसी परत मागता येते खरी, पण ती कंपनी तोवर ती पॉलिसी विकत असायला हवी. डोळ्याचा आजार घेऊन मी ती पाठपुराव्याची कागदपत्रं वाचत बसले असते!

१-८००-६३३-४२२७ या मेडिकेअरच्या नंबरवर मी फोन केला. १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात ॲडव्हान्टेजमधून मूळ मेडिकेअरला परत जाता येतं आणि बदल पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून लागू होतो. मी तारखेच्या आत होते. फसवून नाव घातल्याची तक्रार वेगळी नोंदवली. आमच्या राज्याच्या ‘शिप’ या मोफत सल्ला योजनेतल्या एका स्वयंसेवक बाईंनी कागद लावून दिले. त्यांनीच सांगितलं की आपण संपर्क केलेला नसताना अशा प्लॅनच्या एजंटने फोन करून विकणंच नियमात बसत नाही, आणि मेडिकेअर स्वतः असे फोन करत नाही.

मग ते रेकॉर्डिंग ऐकवलं गेलं. माझाच आवाज, अगदी आनंदी.

शेजारचे गृहस्थ व्हिएतनाम युद्धात होते. माझी कहाणी ऐकून ते हसले आणि स्वतःची सांगितली. बायकोच्या आजारपणात कोणीतरी निवृत्त सैनिकांसाठीच्या ‘एड अँड अटेंडन्स’ या वाढीव पेन्शनचा पहिला अर्ज भरून देण्याचे दीड हजार डॉलर त्यांच्याकडून घेतले. पहिल्या अर्जाच्या मदतीसाठी पैसे घेण्याची कायद्याने कोणालाच मुभा नाही. मान्यताप्राप्त संघटनांची माणसं ते फुकट करतात. त्याच माणसाने ‘व्हीएचं’, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याचं, ‘कार्ड आहे तर पार्ट बी कशाला घेता’ असाही सल्ला दिला होता. ते त्यांनी ऐकलं नाही. बरं केलं. व्हीए व्हीएच्या दवाखान्यात चालतं, आणि पार्ट बी उशिरा घेतलं तर दर बारा महिन्यांमागे १० टक्के दंड हप्त्यावर कायमचा बसतो. व्हीए आहे म्हणून तो माफ होत नाही.

मार्चमध्ये इंजेक्शन सुरू झालं. मधल्या खंडात गेलेली नजर थोडी परत आली, सगळी नाही. जानेवारीचं बिल सप्टेंबरमध्ये माफ झालं. ऑक्टोबर लागला की फोन पुन्हा वाजायला लागतो. आता तो हेच उचलतात, आणि हे मुळात कोणालाच ‘हो’ म्हणत नाहीत.