डेबियन १२ वर बॅकपोर्ट्सचा कर्नल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

डेबियन १२ ही लिनक्सची 'बुकवर्म' नावाची आवृत्ती. ती जून २०२३ मध्ये आली ती कर्नल (हार्डवेअर आणि प्रोग्रामांमधला सिस्टिमचा गाभा) ६.१ घेऊन, आणि त्याच मालिकेवर थांबली. दुरुस्त्या येत राहतात; नव्या वाय-फाय चिपा किंवा ग्राफिक्स चालतीलच असं नाही. मग लोक अख्खी डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) बदलतात. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. बाकी सगळं १२ चंच ठेवून फक्त कर्नल बॅकपोर्ट्समधून (या आवृत्तीसाठी पुन्हा बांधलेल्या नव्या पॅकेजांच्या भांडारातून) घेतला तरी काम भागतं. ६.१२ वर हीच मांडणी आठ महिने रोज चालते आहे.

हे जमतं, कारण सिस्टिम कॉलची (प्रोग्राम कर्नलकडे काम मागतात त्या मार्गाची) वागणूक कर्नलवाले मोडत नाहीत. जुनी जीलिबसी (प्रोग्रामांची मूळ सी लायब्ररी) नव्या कर्नलवर निमूट चालते. बाहेरून जोडलेल्या मॉड्यूलांना (कर्नलमध्ये भरल्या जाणाऱ्या ड्रायव्हरांना) मात्र अशी कुठलीच हमी नाही, आणि खरा त्रास तिथेच होतो.

ॲप्टच्या (पॅकेजं बसवणाऱ्या साधनाच्या) सोर्सेसच्या यादीत बुकवर्म-बॅकपोर्ट्सची ओळ घालून अपडेट करा. मग ॲप्टला 'टी' पर्यायाने तोच संच सांगून कर्नलच्या मेटापॅकेजसोबत (ताजी आवृत्ती ओढून आणणाऱ्या पॅकेजसोबत) हेडर्सचंही (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइलींचं) मेटापॅकेज बसवा. हेडर्स राहिले तर डीकेएमएस (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप बांधणारं साधन) एनव्हिडियाचं मॉड्यूल बांधत नाही आणि रीबूटनंतर पडदा काळा. हेडर्स असूनही जुना ड्रायव्हर नव्या कर्नलवर कंपाइल होईलच असं नाही, म्हणून रीबूटआधी 'डीकेएमएस स्टेटस' पाहाच. सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असेल तर या मॉड्यूलांच्या सहीची किल्ली एमओकेमध्ये (मशीनमालकाच्या किल्ल्यांच्या यादीत) नोंदवावी लागते.

फर्मवेअर (चिपवरच चालणारा छोटा प्रोग्राम) हे वेगळं पॅकेज आहे, हे हमखास विसरलं जातं. कर्नल नवा, फर्मवेअर जुनं, की इंटेलचं वाय-फाय गायब होऊ शकतं. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) न सापडलेल्या फाइलचं नावच दिसतं. तेही पॅकेज बॅकपोर्ट्समधून घ्या.

वेगळं बूट पार्टिशन लहान असेल तर दोन-तीन कर्नलांतच भरतं आणि इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी मॉड्यूलांची फाइल) अर्धवट राहतो. त्याच्या कॉन्फिगमध्ये मॉड्यूल्स 'मोस्ट'ऐवजी 'डेप' (या मशीनला लागतात तेवढीच) केलं की फाइल बरीच आटते. पण मग ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून बूट होईल याचा भरवसा नाही.

जुना ६.१ काढू नका, ग्रबमध्ये (बूटच्या मेनूत) राहू द्या. स्थिर कर्नलही चुकतो: डिसेंबर २०२३ मध्ये ६.१.६४ मध्ये ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल-सिस्टिम) वरचा डेटा बिघडवणारा दोष निघाला, डेबियनची १२.३ ही सुधारित आवृत्ती रोखून धरावी लागली आणि थेट १२.४ आली.

एक उणीव मोठी आहे. बॅकपोर्ट्सच्या कर्नलला सुरक्षा-दुरुस्त्या १२ च्या मूळ ६.१ इतक्या वेळेवर मिळण्याची हमी नाही. इंटरनेटला उघड्या सर्व्हरवर ६.१ च ठेवा.