पंख्याची पट्टी काळी एक: फॅन कंट्रोलरसोबतचे अकरा महिने

गेल्या दिवाळीच्या आधी, वाड्यावरची पोरं नरकासुराच्या सांगाड्यावर कागद चिकटवत होती त्या आठवड्यात, मी कॉम्प्युटरच्या पंख्यांना तापमानावर चालणारा स्पीड कंट्रोलर बसवला. बाहेर गाणी इतकी दणदणत होती की पंख्यांचा आवाज कमी झाला की नाही, हे कळायला नरकासुर जळेपर्यंत थांबावं लागलं. आता त्या बोर्डाने मे महिना सोसलाय आणि पावसाळाही काढलाय. म्हणून आता लिहितो.

फोंड्याजवळ आमच्या जुन्या कौलारू घरातल्या एका खोलीत मी भजनं, नाट्यगीतं, कधी शाळेतल्या मुलांची समूहगीतं रेकॉर्ड करतो. माइक आणि कॉम्प्युटर एकाच खोलीत. रेकॉर्डिंग सुरू झालं की एसी बंद, छताचा पंखाही बंद. मग ऐकू येतात ते कॅबिनेटमधले १२० मिलिमीटरचे तीन पंखे. मदरबोर्ड त्यांना प्रोसेसरच्या तापमानावर पळवायचा, आणि प्रोसेसरच्या आतला सेन्सर भलताच हळवा. नुसता ब्राउझर उघडला तरी दहा-पंधरा अंशांची उडी, दोन सेकंदांत परत खाली. पंखे बिचारे त्याच्यामागे वर-खाली.

एकदा आमचे भजनीबुवा हेडफोन लावून स्वतःचा अभंग ऐकत होते. मध्येच थांबून म्हणाले, ‘अरे, तुजो पंखो मींड घेता मरे!’ मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं. मला थट्टा वाटली. रात्री गणित मांडलं. सात पात्यांचा पंखा मिनिटाला ११९० फेरे घेतो तेव्हा सेकंदाला जवळपास वीस, गुणिले सात, म्हणजे पात्यांचा घुमारा १३९ हर्ट्झचा. काळी एकमध्ये (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज, म्हणजे सा, १३८.६. फेरे हजारावर उतरले की तोच घुमारा ११७ वर येतो, तेराशेला १५२ वर चढतो. बुवांचा कान बरोबर होता, मींडच ती.

एकसारखा आवाज सॉफ्टवेअरने काढता येतो. रिकाम्या खोलीचा नमुना द्यायचा, तेवढं वजा होतं. सरकणारा आवाज मात्र निघत नाही, आणि ओढून काढला तर गळा पत्र्याच्या डब्यात घातल्यासारखा होतो. त्यामुळे मला हवा होता तो स्थिर पंखा. तो अगदी शांत असलाच पाहिजे, असा हट्ट नव्हता. खरेदीच्या वेळी हा फरक डोक्यात नसल्याने पहिले पैसे वाया गेले.

आधी आणला तो मोटरचा रेग्युलेटर. तो पंख्याच्या १२ व्होल्टचीच कापाकापी करतो, आणि तीही कानाला ऐकू येईल अशा गतीने. माइकमध्ये भुंगा शिरल्यासारखं झालं. चार वायरींच्या पंख्यात १२ व्होल्ट अखंड मिळत राहतात आणि वेगाचा इशारा चौथ्या वायरीवरून वेगळा जातो. इंटेलच्या २००५ च्या स्पेसिफिकेशनमध्ये हा इशारा २५ किलोहर्ट्झचा ठरवला आहे, २१ ते २८ चालतो. म्हणजे माणसाच्या कानापलीकडचा. त्यामुळे दुसऱ्या वेळी ऑनलाइन मागवला तो चार वायरींच्या पंख्यांसाठीचा साधा, बिनब्रँडचा बोर्ड. साडेपाचशेच्या आसपास पडला. सोबत वायरीच्या टोकाला मण्याएवढा थर्मिस्टर (तापमान ओळखणारा सेन्सर) आणि बोर्डावर छोटे स्विच. चार तापमानपट्टे मिळतात: ३५ ते ४५, ४० ते ५५, ५० ते ७० आणि ६० ते ९० अंश. पट्ट्याच्या खाली पंखा किमान वेगावर (२० किंवा ४० टक्के, निवड आपली), पट्ट्याच्या वर पूर्ण वेगावर. माझा एक पंखा तीन पिनांचा निघाला. त्याला इशाऱ्याची वायरच नाही, त्यामुळे तो कायम फुल्ल. बदलावा लागला.

प्रोसेसरवरचा पंखा मी मदरबोर्डावरच ठेवलाय, तो कोणीही हलवू नये. बाकीच्या तिघांसाठीचा थर्मिस्टर कुठे लावायचा यात माझा पूर्ण नोव्हेंबर गेला. आधी मागच्या पंख्यासमोर लोंबता ठेवला. तिथे हवा तापली की पंखे जोरात, जोरात झाले की हवा गार, गार झाली की पंखे मंद, की पुन्हा गरम. मींड गेली आणि तिच्या जागी आंदोलन, म्हणजे सुराचं हेलकावणं, आलं. मग तो हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पत्र्यांमध्ये तळाशी खोचला. हीटसिंक जड, त्यामुळे प्रोसेसरच्या उड्या तिथे पोचेपर्यंत विरून जातात. आख्ख्या उपद्व्यापात मला सगळ्यात जास्त गुण आला तो या जागेचा. तुमच्या बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) पंख्याचा वेग सावकाश बदलायची सोय असेल तर आधी ती वापरून बघा, फुकट आहे. माझ्या जुन्या मदरबोर्डात कॅबिनेटच्या पंख्यांना ती नाही.

डिसेंबरात ३५ ते ४५ वर सगळं झकास होतं. सकाळी खोली चोवीस अंशांवर, पत्रे तेहतीसवर, पंखे किमान वेगात निवांत. बुवा खूश, मी खूश. आणि मग आला मे. दुपारी कौलांखाली खोलीच चौतीस. एसी बंद केला की पत्रे चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतात, आणि पंखे जवळपास पूर्ण वेगात. वास्तविक प्रोसेसर खोलीपेक्षा डिसेंबराएवढाच तापलेला, पंख्यांनी कितीही आदळआपट केली तरी चौतीसच्या खाली काही जात नाही. पण बोर्डाला खोली ठाऊक नाही, त्याला फक्त पत्रे ठाऊक. ३५ ची पायरी ज्याने ठरवली त्याने आमचा मे बघितलेला नसावा!

शिवाय हा पट्टा अरुंद. चाळीस टक्क्यांपासून शंभरपर्यंतचा प्रवास दहा अंशांत, म्हणजे एका अंशाला सहा टक्के. ५० ते ७० मध्ये एका अंशाला तीनच. आता मी तिथेच आहे. रेकॉर्डिंगमध्ये पत्रे पन्नासला जातच नाहीत, त्यामुळे पंखे किमान चाळीस टक्क्यांवर चिकटून असतात. माझ्याकडे हे साडेसहाशे फेरे भरतात, म्हणजे घुमारा ७६ हर्ट्झच्या आसपास. माइकच्या वाटेवर ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे आवाज कमी करणारी गाळणी) लावला की त्यातला काही ओसरतो, आणि काळी एकचा मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) १०४ वर सुखरूप राहतो. घुमट (आमच्याकडचं मातीचं तालवाद्य) वाजवणारे आले की मात्र लो-कट काढतो, नाहीतर घुमटाचा गाभाच गळतो. मिक्सिंग संपवून रेंडर (गाण्याची अंतिम फाइल बनवणं) लावला की पंखे सावकाश चढतात. चढू देत, मी तेव्हा चहाला उठतो.

किमान वेग २० टक्क्यांवर ठेवायचा मोह टाळा. तिथे एक पंखा मध्येच अडकायचा आणि बोर्डाचा बझर बोंबलायचा. विलंबित आलापात एकदा असा बोंबलला की गाणाऱ्याने माझ्याकडे बघितलं ते मला अजून आठवतंय. बझर बंद करता येतो, पण मी पंख्याचा वेग वाढवला आणि बझर चालू ठेवला.

पावसाळ्याबद्दल. फोंडा काही समुद्रकाठी नाही, तरी जुलैत पिनांवर हिरवट कळा आलीच. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. बोर्डाच्या मागच्या बाजूला बायकोच्या पारदर्शक नेलपॉलिशचा हात दिला (स्विच आणि कनेक्टर सोडून). ती विचारते, बाटली संपली कशी. खरा दगा दिला तो सेन्सरच्या टेपने. दमटपणात गोंद सुटला, थर्मिस्टर कॅबिनेटच्या तळाशी जाऊन पडला आणि ‘सगळं गार आहे’ असं सांगत राहिला. वायर उपटली तर हा बोर्ड पंखे फुल्ल करतो, ते मी मुद्दाम करून पाहिलं होतं. पण सेन्सर शाबूत आणि जागा चुकलेली, हे त्याला कळणार कसं? रेंडर नेहमीपेक्षा फारच रेंगाळला म्हणून मी तापमान बघितलं, तर माझा रायझन ५ ३६०० त्याच्या ९५ अंशांच्या मर्यादेला टेकून स्वतःच मंदावलेला. आता तिथे दुकानदार जिला ‘कॅप्टन टेप’ म्हणतात ती कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी) आहे, आणि वरून केबल-टायही.

एक तक्रार शिल्लक आहे. स्विच बोर्डावर, बोर्ड कॅबिनेटच्या आत. पट्टा बदलायचा तर झाकण उघडा. महागड्या कंट्रोलरमध्ये हे सॉफ्टवेअरने होतं, पण मला एवढ्यासाठी तेवढे पैसे मोडवले नाहीत. झाकणाचे स्क्रू मी लावणंच सोडलंय.

मागचा पंखा हल्ली कुरकुरतो, बेअरिंग जातंय. नवा घेताना दुकानात पाती मोजणार. नऊ पात्यांचा साडेसहाशे फेऱ्यांना ९७ हर्ट्झवर घुमतो, म्हणजे लो-कटच्या वर. बुवांचा अभंग पुढच्या महिन्यात आहे, तोवर सात पात्यांचाच बघतो.