एमआयपी की ॲमोलेड: मनगट वळत नाही तेव्हा

गार्मिनच्या फोररनर ९५५ आणि फोररनर ९६५ या धावणाऱ्यांच्या घड्याळांचे कंपनीनेच दिलेले बॅटरीचे आकडे शेजारी ठेवले, की छापण्यात काहीतरी गडबड झालीय असं वाटतं. २०२२ सालचं ९५५ एमआयपी स्क्रीनचं, म्हणजे बॅटरी जपून वापरणाऱ्या जातीचं. नुसतं हातावर असेल तर ते १५ दिवस चालतं. २०२३ सालचं ९६५ ॲमोलेडचं, म्हणजे फोनसारख्या झगझगीत, स्वतः उजळणाऱ्या स्क्रीनचं. ते २३ दिवस चालतं! मग जीपीएस सुरू केलं की पारडं उलटं फिरतं: ९५५ ला ४२ तास, ९६५ ला ३१. आणि ९६५ ची स्क्रीन कायम चालू ठेवायची म्हटलं, तर त्या २३ दिवसांचा जेमतेम आठवडा उरतो.

गडबड काही नाही. ॲमोलेड विझलेला असला की त्याला वीज लागत नाही, आणि त्या २३ दिवसांत तो बहुतेक वेळ विझलेलाच धरला आहे. तुम्ही मनगट वळवून बघाल तेव्हा तो उजळणार, हात खाली गेला की पुन्हा काळा. एमआयपीच्या १५ दिवसांत मात्र स्क्रीन अख्खा वेळ दिसत असते. दोन्ही घड्याळांत इतरही फरक आहेत, पण खोक्यावरचे हे दिवस एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही एवढं यातून कळतं. तरी लोक नेमके तेच ताडून बघतात आणि घड्याळ घेऊन मोकळे होतात.

माझ्याकडे दोन्ही जातींची घड्याळं आहेत, एकाच कंपनीची, दिसायला जुळी म्हणावीत अशी. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे ज्या कुरबुरी करणार आहे त्या स्क्रीनच्या जातीबद्दलच्या आहेत आणि कुठल्याही कंपनीचं घड्याळ घेतलं तरी त्या भेटतीलच. मी लांब पल्ल्याचं धावते, सायकल चालवते, अधूनमधून पोहते. पन्नाशी ओलांडली आहे आणि चाळीशीशिवाय मला बारीक अक्षर वाचता येत नाही. हे शेवटचं वाक्य या परीक्षणात सगळ्यात महत्त्वाचं आहे. घड्याळांची परीक्षणं लिहिणारी बहुतेक मंडळी पंचविशी-तिशीतली असतात, त्यांना सगळंच दिसतं.

आधी एमआयपीबद्दल. हा मुळात परावर्तनावर चालणारा एलसीडी आहे. नावातल्या ‘मेमरी इन पिक्सेल’प्रमाणे प्रत्येक ठिपक्यापाशी एक चिमुकली मेमरी असते, त्यामुळे एकदा काढलेलं चित्र टिकवायला जवळजवळ काहीच वीज लागत नाही. प्रकाश बाहेरून पडतो आणि स्क्रीन तो परत फेकते. ऊन जितकं कडक, तितके आकडे ठसठशीत. लाल, हिरवा, निळा या तिन्हींच्या चार-चारच पायऱ्या असतात, म्हणून एकूण रंग ६४. ९५५ वर २६० गुणिले २६० ठिपके आहेत, ९६५ वर ४५४ गुणिले ४५४. ॲमोलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका. त्यामुळे त्याचा काळा खराखुरा काळा असतो आणि रंग फोनसारखे दिसतात.

‘ॲमोलेड उन्हात दिसत नाही’ ही तक्रार आता शिळी झाली. कोरोस कंपनीच्या पेस प्रो या घड्याळाची चमक १५०० निट्स (निट म्हणजे चमक मोजायचं एकक) आहे, ॲपल वॉच अल्ट्रा २ ची ३००० निट्स. भर दुपारी धावताना मला माझ्या ॲमोलेडवर धावण्याचा वेग आणि हार्ट रेट वाचायला काहीच त्रास होत नाही. एमआयपी अशा वेळी जास्त शांत दिसतो, छापील कागदासारखा, आणि डोळ्यांना तो बरा वाटतो हे खरं. पण एवढ्यासाठी त्याची बाजू घ्यावी इतका तो फरक उरलेला नाही. एक मात्र बघा: नीलमची काच ओरखड्यांना दाद देत नसली तरी साध्या काचेपेक्षा जास्त प्रकाश परत फेकते, आणि ही चकाकी एमआयपीवर जास्त खुपते.

खरा निकाल लागतो तो अर्धवट उजेडात. सूर्य उगवायच्या आधीचा अर्धा तास, दाट झाडीतली पायवाट, ढगाळ संध्याकाळ, घरातली ट्रेडमिल. बाहेरचा प्रकाश एमआयपीला पुरत नाही, आणि बॅकलाइट लावला तरी त्या उजेडात तो फिकाच वाटतो. पांढरी पार्श्वभूमी राखाडी दिसते, काळे आकडे गडद राखाडी. तरुण डोळा ते वाचून घेतो. माझा डोळा आधी हात लांब करतो, मग जवळ आणतो, मग नाद सोडतो. इंटरव्हल (थोडं अंतर जोरात, मग हळू) करताना शेवटचे दोनशे मीटर राहिलेत की तीनशे, हे त्या क्षणी दिसलं नाही तर मग घड्याळ कशाला घातलंय? याच उजेडात ॲमोलेड सगळ्यात चांगला दिसतो. काळ्यावर पांढरा आकडा, कडा धारदार. चाळीशी खिशात असली तरी चालतं.

काळोखात मात्र चित्र वेगळं आहे आणि हे फारसं कुणी सांगत नाही. कपाळावर हेडलॅम्प असेल तर एमआयपी झकास दिसतो, कारण त्याला हवा असलेला बाहेरचा प्रकाश तुम्ही स्वतःच घेऊन फिरत असता. मान थोडी खाली केली की आकडे उजळतात, बटण नको, बॅकलाइट नको. रात्रभराच्या पल्ल्यात हे सुख फार मोठं आहे. ॲमोलेडची चमक कमी केली नसेल तर अंधाराला सरावलेल्या डोळ्यांत तो भसकन घुसतो. हल्ली बऱ्याच घड्याळांत रात्रीसाठी सगळं लाल करण्याची सोय असते, ती शोधून ठेवा. झोपायच्या खोलीतही तेच. कूस बदलली आणि खोली उजळली, असं झोपेचा मोड लावून ठेवला नाही तर होतंच होतं.

आता माझा मुख्य आक्षेप. ॲमोलेडची सगळी मांडणी तुमचं मनगट वळेल या भरवशावर उभी आहे. धावताना ते वळतं. सायकलच्या हँडलबारवर दोन्ही हात असताना वळत नाही. चढावर ट्रेकिंग पोल टेकवताना वळत नाही, दोर धरलेला असताना नाही, बाबागाडी ढकलताना नाही. अशा वेळी मला नुसती नजर खाली टाकायची असते. एमआयपीवर आकडा तिथेच असतो, कुणाच्या परवानगीची वाट न बघता. ॲमोलेडवर मी हातवारे करून त्याला उठवत बसते, आणि उतारावर हँडलवरचा एक हात सोडून मनगट झटकणं हे मला मुळीच पटत नाही.

यावर उपाय आहे, ऑलवेज ऑन. व्यायामापुरती स्क्रीन चालू ठेवा, एरवी विझू द्या. मी तेच करते आणि तुम्हीही तेच करा. पण हात खाली असताना बहुतेक घड्याळं स्क्रीन मंद करतात, आणि कडक उन्हात मंद ॲमोलेड म्हणजे काळी काच. शिवाय खर्च जीपीएसच्या तासांतून वळता होतो. तासा-दोन तासांच्या धावण्याला याने काही फरक पडत नाही. सलग काही दिवस डोंगरात असाल आणि चार्जिंगची सोय नसेल तर पडतो. सोलर हवं असेल तर गार्मिनच्या फेनिक्स ८ सोलर आणि एन्ड्युरो ३ या दोन्हींवर एमआयपीच आहे. सोलरने बॅटरी भरते असं मात्र समजू नका, ती सावकाश संपते इतकंच.

नकाशा बघत चालणाऱ्यांनी फार विचार करू नये, ॲमोलेड घ्यावं. ६४ रंगांत आणि तेवढ्या ठिपक्यांत समोच्च रेषा, पायवाट आणि ओढा एकमेकांत मिसळतात. ॲमोलेडवर फाटा कुठे आहे ते थांबून एकदा बघितलं की कळतं.

पोहण्याबद्दल फार लिहीत नाही. भिंतीशी आल्यावर दोन्ही दिसतात.

स्क्रीनवर कायमचे डाग उमटतील या भीतीने ॲमोलेड टाळणारे भेटतात. ही भीती निराधार नाही, कारण ॲमोलेडमधला उजळणारा सेंद्रिय पदार्थ वापराने झिजतो आणि एकच चित्र सतत ठेवलं तर ती झीज असमान होते. म्हणूनच ही घड्याळं चित्र थोडं थोडं सरकवत राहतात. माझ्या घड्याळावर अजून काही उमटलेलं नाही. पोलराइज्ड गॉगल लावत असाल तर तो लावूनच घड्याळ बघा आणि मनगट हळूहळू तिरपं करा. काही स्क्रीन एका ठरावीक कोनात काळवंडतात, आणि हे दोन्ही जातींत घडू शकतं.

ॲमोलेडवाल्यांना एक खडसवायचं आहे. ठिपके जास्त मिळाले म्हणून अक्षरं बारीक करायची कुणी सांगितली? एमआयपीच्या मर्यादेमुळे आकडे जाडजूड ठेवावे लागायचे आणि ते वाचता यायचे. आता नाजूक रेघांचे आकडे, राखाडी अक्षरं आणि कडेने रंगीत कंस. सेटिंगमध्ये जाऊन एका पानावर तीनच फील्ड, म्हणजे आकड्यांचे कप्पे, ठेवा, मग आकडे आपोआप मोठे होतात.

निवडीला वेळही फार उरलेला नाही. सुंटो व्हर्टिकल २०२३ मध्ये एमआयपी घेऊन आलं, २०२५ चं व्हर्टिकल २ ॲमोलेडचं आहे. कोरोस पेस ३ एमआयपीचं होतं, पेस ४ ॲमोलेडचं. २०२५ मध्ये आलेली फोररनर ५७० आणि ९७० दोन्ही ॲमोलेडचीच. गार्मिनचं इन्स्टिंक्ट ३ दोन्ही प्रकारांत मिळतं, हा दिलासा. मायक्रोएलईडी, म्हणजे चिमुकल्या एलईडींच्या स्क्रीनसाठी थांबणाऱ्यांना सांगते, फेनिक्स ८ प्रोमध्ये ती आली आहे, चार लाखांहून जास्त एलईडी आणि ४५०० निट्स. पण तिची बॅटरी कंपनीच्याच आकड्यांनुसार १० दिवसांची आहे, आणि त्याच मापाच्या ॲमोलेडची २७ दिवसांची. ते अजून माझ्या कामाचं नाही.

मी सध्या धावायला ॲमोलेड घालते. सायकलवर आणि अनेक दिवसांच्या चालण्याला एमआयपी. एकच ठेवायचं असतं तर ॲमोलेड ठेवलं असतं, आणि ते केवळ डोळ्यांपायी. नजर शाबूत असती आणि निम्मा वेळ हँडलबारवर जात असता, तर हेच उत्तर उलटं आलं असतं.

विकत घेण्याआधी विक्रेत्याला डेमोची रंगीत फिल्म बंद करायला सांगा. घड्याळ हातावर बांधा, धावण्याचा मोड सुरू करा आणि तुम्ही रोज बघता ते तीन आकडे पानावर आणा. चाळीशी काढून ठेवा. दिव्यांखाली बघू नका, दाराशी जा. मग एखाद्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी हँडलसारखी घट्ट धरा आणि मनगट न हलवता खाली बघा.