विहिरीचं ब्लास्टिंग केलं, अनुभव सांगतो (५ पैकी ४ स्टार)

आमच्या वावरातली विहीर ३० फुटांवर काळ्या दगडात अडकली होती, ब्रेकरनं काही होईना, म्हणून तालुक्यातल्या एका लायसनवाल्या काकांना बोलावलं. त्याआधी मागच्या उन्हाळ्यात स्वस्त पडतो म्हणून दुसऱ्याच एकाला आणलं होतं, त्यानं सुरुंग पेटवायची वात वाचवायला दीड-दीड फुटाचे तुकडे पाडले, पेटवून दोरावरून वर येईस्तोवर पहिला बार झाला. माणूस कसाबसा वाचला. पण एक गोटा कोठ्याचं टीन फोडून बैलाच्या पायापासून वीतभर अंतरावर पडला, आणि आई महिनाभर विहिरीकडे फिरकली नाही.

मी झेडपीच्या शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून मला हे जास्तच लागलं. ही वात १८३१ मधे इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या विल्यम बिकफर्डनं काढली. त्याच्याआधी खाणीतले लोक गवताच्या काडीत नाहीतर पिसाच्या नळीत बंदुकीची दारू भरून पेटवायचे, ती कधी भपकन जळायची, कधी विझल्यासारखी वाटून उशिरा उडायची आणि बघायला गेलेला माणूस जायचा. बिकफर्डनं दोर वळणाऱ्याचं काम पाहिलं आणि दारूभोवती ताग वळला, फुटाला साधारण ३० सेकंद. म्हणजे दीड फूट वात म्हणजे पाऊण मिनिट, आणि तेवढ्यात ३० फूट वर चढायचं! ज्या वातीनं माणसाला पळायला वेळ दिला तीच कापून पैसे वाचवायचे, याचा मला आजही राग येतो.

हे काका वात वापरतच नाहीत, वायर जोडून लांब धुऱ्यावरून उडवतात. आल्या आल्या सगळ्यांचे मोबाईल, बिड्या, माचिस एका टोपल्यात टाकायला लावले. चुलतभाऊ म्हणे, "काहून एवढं, काका?" तं म्हणाले, "टाक टोपल्यात, नाहीतं मी चाललो."

मला तेव्हा स्कॉटलंडमधला नोबेलचा आर्डीअरचा डायनामाइट कारखाना आठवला. तिथं कामगारांची झडती व्हायची, माचिस आत जाऊ द्यायचे नाहीत. नायट्रोग्लिसरीन म्हणजे डायनामाइटमधलं स्फोटक तेल, ते बनताना तापमान वाढलं की सगळं उडणार, म्हणून थर्मामीटरवर नजर ठेवणाऱ्याला एका पायाचं स्टूल द्यायचे, डुलकी लागली की तो खालीच पडायचा. नोबेलच्या घरानं हे भोगलं होतं, १८६४ मधे स्टॉकहोमला त्यांच्या शेडमधे स्फोट झाला आणि धाकटा भाऊ एमिल धरून पाच जण गेले. त्यानंतर तेच तेल एका भुसभुशीत मातीत जिरवून त्यानं डायनामाइट केलं, १८६७ मधे पेटंट घेतलं, तरी धोका कमी झाला, संपला नाही.

काकांचं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे त्यांचे हात. प्रत्येक होलात कांडी लाकडी दांड्यानं हळूहळू सारली, सब्बल कोणालाच जवळ आणू दिली नाही, वरून ओल्या मातीची ठासणी. बार झाल्यावर धूर पूर्ण निघेस्तोवर थांबले, मग एकटेच उतरले. एका होलातून वायरी तशाच बाहेर होत्या, तो उडालाच नव्हता. मजूर म्हणे ओढून काढू. काकांनी हातच लावू दिला नाही, फूटभर बाजूला समांतर होल मारला आणि त्यात भरून दोन्ही उडवले. त्यात अख्खी दुपार गेली, पण मी एक शब्द बोललो नाही.

एक स्टार कापला कारण सांगितल्यापेक्षा तीन दिवस उशिरा आले आणि मजुरांची रोजी फुकट गेली. दरही इतरांपेक्षा जास्त आहे, आधीच ठरवून घ्या. १५ दिवस आधी सांगून ठेवा, आणि काम चालू असताना "जरा लवकर करा ना" म्हणू नका, शेजारच्या वावरात एकानं म्हटलं होतं तर काकांनी तिथल्या तिथं सामान गुंडाळलं आणि निघून गेले.