चेहरा, हात की चित्र? गोव्यात संगीताचं त्रैमासिक काढताना मुखपृष्ठ कसं निवडावं

संगीताचं नियतकालिक काढायचं ठरलं की लेखांची यादी एका संध्याकाळी होते. घोडं अडतं ते मुखपृष्ठाशी. एकाला गाजलेल्या गायिकेचा मोठा फोटो हवा असतो, दुसऱ्याला चित्रकाराकडून चित्र करून घ्यायचं असतं, तिसरा म्हणतो नुसतं वाद्य पुरे. फोंडा, डिचोली, पेडणे, काणकोण, कुठेही जा. गोव्यात भजनी मंडळं आहेत, घुमट (मातीच्या भांड्याच्या तोंडाला चामडं लावलेलं वाद्य) वाजवत आरत्या म्हणणारी घुमट आरतीची पथकं आहेत, बैठका भरवणाऱ्या संस्था आहेत. त्यांच्यापैकी कुणी असा अंक काढायचं मनावर घेतलं असेल तर हा आढावा त्यांच्यासाठी.

माझं मत आधीच सांगतो. आपला वाचक तरुण की वयस्क, यावर बैठकीत बराच वेळ जातो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे तो संगीत ऐकतो की स्वतः करतो. ऐकणाऱ्याची नजर चेहऱ्याकडे जाते, वाजवणाऱ्याची हाताकडे. गोव्यात अठरा वर्षांचा पखवाजवादक आणि साठीचा पखवाजवादक एकाच मुखपृष्ठापाशी थांबतील. पण दोन अठरा वर्षांची मुलं, एक वाजवणारा आणि एक फक्त ऐकणारा, एकाच ठिकाणी थांबतीलच असं नाही.

एकाच सालची दोन मासिकं

१९६७ साली कॅलिफोर्नियात, जवळजवळच्या दोन शहरांत दोन मासिकं सुरू झाली. सॅन फ्रान्सिस्कोतून ‘रोलिंग स्टोन’ आणि सॅन होझेमधून ‘गिटार प्लेअर’. काळ एक, भोवतालचं संगीतही बरंचसं एकच, तरी दोघांची मुखपृष्ठं वेगळ्या वाटेनं गेली. ‘रोलिंग स्टोन’च्या पहिल्या अंकावर चित्रपटातल्या सैनिकाच्या वेशातला बीटल्सचा जॉन लेनन होता. त्या वाचकाला कलावंत माणूस म्हणून हवा होता: तो काय बोलतो, कसा राहतो, सरकारबद्दल त्याला काय वाटतं. म्हणून तिथे पुढेही चेहऱ्यालाच मान मिळाला. ‘गिटार प्लेअर’च्या वाचकाच्या घरात गिटार होती. त्याला कलावंतासोबत वाद्यही नीट दिसायला हवं होतं. कोणती गिटार, डावा हात कुठे, बोटं कशी पडली आहेत. १९८० साली आलेल्या ‘गिटार वर्ल्ड’नं हीच रीत चालवली.

आता हे आपल्याकडे लावून बघा. घुमट आरतीच्या पथकातल्या मुलाला कलावंताचा हसरा फोटो दाखवून काही साधत नाही. त्याला घुमटाच्या तोंडावरची वादी, चामड्याचा ताण, बसलेल्या वादकाच्या मांडीवर घुमट कसं टेकलंय हे बघायचं असतं. २०१९ साली राज्य सरकारनं घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. पूर्वी त्याला घोरपडीचं चामडं लागायचं. घोरपड संरक्षित प्राणी असल्यामुळे आता बकऱ्याचं चामडं वापरतात. हा बदल वादकाच्या हाताला कळतो, आणि जवळून घेतलेल्या चांगल्या फोटोत डोळ्यांनाही दिसतो. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधीचा अंक असेल तर मी डोळे मिटून हाताचा फोटो निवडेन: मातीचं भांडं, चामडं, पडलेली थाप, मागे अस्पष्ट शामेळ आणि कासाळं ही घुमटाच्या साथीची वाद्यं. चेहरा चौकटीबाहेर गेला तरी हरकत नाही.

लयभास्कर म्हणून ओळखले जाणारे गोव्याचे तबलावादक खाप्रुमामा पर्वतकर यांच्यावर विशेषांक काढायचा झाला तरी मी हाताकडेच वळेन. लयीचा असा अवघड हिशेब मांडणाऱ्या माणसाचा अंक चेहऱ्यापेक्षा तबल्यावरच्या बोटांनी जास्त खरा वाटेल.

बघणारा चेहरा आणि बुडालेला चेहरा

चेहरा निवडलात तर दुसरा प्रश्न लगेच येतो: नजर कुठे आहे? कलावंत थेट कॅमेऱ्यात बघत असेल तर स्टॉलवरून जाणाऱ्याला आपल्यालाच कुणी हाक मारल्यासारखं होतं. जगभरच्या मासिकांनी हे तंत्र वापरलं, कारण ते चालतं. पण ते सगळीकडे सारखं चालत नाही. नव्या बँडला, पहिल्यांदाच लोकांपुढे येणाऱ्या गायिकेला त्याचा उपयोग आहे. त्यांना ओळख करून द्यायची असते. १९९३ साली अलाहाबादहून सुरू झालेल्या ‘रॉक स्ट्रीट जर्नल’नं भारतीय रॉक बँडना हक्काची जागा दिली. अशा अंकांवर समोर बघणारी तरुण मुलं शोभतात.

ख्यालगायनाच्या किंवा नाट्यसंगीताच्या वाचकापुढे मात्र बुडालेला चेहरा ठेवावा. मिटलेले डोळे, वर गेलेला हात, सम येण्याआधीचा तो क्षण. हा फोटो कुणाला बोलावत नाही. पण ज्यानं ते गाणं ऐकलंय त्याच्या कानात सूर सुरू होतो आणि तो अंक हातात घेतो. नटूनथटून स्टुडिओत काढलेल्या फोटोत ही ताकद नसते, तो फोटो कितीही सुबक असो.

‘रोलिंग स्टोन’चं सगळ्यात गाजलेलं मुखपृष्ठही वाचकाकडे बघत नाही. ॲनी लीबोव्हिट्झ यांनी ८ डिसेंबर १९८० रोजी लेनन आणि योको ओनो यांचा फोटो काढला, त्याच दिवशी लेनन यांची हत्या झाली. २२ जानेवारी १९८१ च्या अंकावर तो फोटो आला तेव्हा मासिकाच्या नावाखेरीज एकही ओळ छापली नव्हती. २००५ साली अमेरिकेतल्या मासिक संपादकांच्या संस्थेनं मागच्या चाळीस वर्षांतलं सर्वोत्तम मुखपृष्ठ म्हणून त्याची निवड केली. लेनन यांचे डोळे मिटलेले आहेत, योको दुसरीकडे बघत आहेत. शब्दांची गरज पडली नाही, कारण काय घडलं ते प्रत्येक वाचकाला ठाऊक होतं. म्हणून बिनशब्दांचं मुखपृष्ठ एरवीच्या अंकाला करू नये. श्रद्धांजलीच्या अंकाला जरूर करावं.

मैफलीतला फोटो वापरताना काही गोष्टी आधीच तपासा. माइक तोंडावर आलेला असतो, मागे प्रायोजकांचा फलक असतो, आणि हल्लीच्या रंगमंचांवरचा जांभळा-निळा प्रकाश पडद्यावर झगमगतो तरी छपाईच्या चार रंगांत उतरताना मळकट होतो. सणसणीत जांभळा ऑफसेट छपाईत येतच नाही. असा फोटो कृष्णधवल करून घेतला तर अनेकदा वाचतो.

फोटोच नसेल, किंवा तोच तो असेल तर

गोव्याच्या बाबतीत ही अडचण मोठी आहे. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मास्टर दीनानाथ. ज्यांच्यावर अंक काढावासा वाटतो त्यांचे फोटो मोजकेच, आणि तेच स्मरणिकांतून, फलकांतून वर्षानुवर्षं फिरतात. ओळखीचा झालेला फोटो लोक बघतात आणि पुढे जातात. इथे दोन पर्याय मला मनापासून आवडतात.

पहिला, माणसाऐवजी जागा. मोगूबाईंचं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सोमेश्वराचं देऊळ आणि घरांच्या जोती उघड्या पडतात, गावची माणसं तिथे परत जमतात. त्या भेगाळलेल्या जमिनीचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत फक्त ‘मोगूबाई’. सांग्या-केप्याच्या वाचकाला यापेक्षा जवळचं काही देता येणार नाही, आणि मुंबई-पुण्याचा वाचकही थबकेल.

दुसरा, चित्र. इथे गोव्याला उसनं आणायची गरज नाही. चित्रकार दीनानाथ दलाल मडगावचे, जन्म १९१६ चा. त्यांनी १९४५ साली ‘दीपावली’ हा अंक सुरू केला, आणि दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ घराघरांत कसं पोचतं ते महाराष्ट्राला दाखवलं. रघुवीर मुळगावकरही गोव्याचेच. दोघांच्या चित्रांसाठी लोक अंक जपून ठेवत. चित्राचा मोठा फायदा म्हणजे ज्या क्षणाचा फोटो कुणी काढलाच नाही तो क्षण ते दाखवू शकतं: देवळाच्या सभामंडपात समईच्या उजेडात बसलेली गायिका, रात्रीच्या जत्रेतलं नाटक, खळ्यावरची फुगडी. वेगळ्या वळणाचं हवं असेल तर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या रेषेनं गोव्याला गजबजलेल्या चौकटीची सवय लावून ठेवलीच आहे. फक्त त्यांची नक्कल करू नका. गोव्यात ती नको इतकी झाली आहे.

चित्राला वेळ लागतो आणि मानधन द्यावं लागतं. तिमाही अंकाला दरवेळी परवडत नसेल तर वर्षातून एकदा, दिवाळीला, नक्की करा. पैसे वाचवायला इंटरनेटवरून उचललेला वीणाधारी सरस्वतीचा तयार तुकडा लावायचा मोह होतो. तो लावला की वाचक अंकाला स्मरणिका समजतो आणि जाहिराती चाळून ठेवून देतो.

अक्षरं

परदेशी मासिकांत कलावंताचं डोकं नावावर आलेलं दिसतं. चारपाच अक्षरं झाकली तरी ओळखीचं नाव वाचता येतं. देवनागरीत हे जपून करावं लागतं. आपली अक्षरं शिरोरेषेला धरून असतात आणि वर-खाली मात्रा, वेलांट्या, उकार असतात. ‘ताल’चा काना डोक्यामागे गेला की ‘तल’ उरतो, ‘सूर’चा ऊकार गेला की ‘सर’. त्यामुळे नावाला वरखाली मोकळी जागा ठेवा आणि डोकं त्याच्या खालीच थांबवा. निदान पहिल्या वर्षात तरी, कारण तुमचं नाव अजून कुणाच्या डोळ्यांत बसलेलं नाही.

नाव हातानं रेखाटून घेतलंत तर उत्तम. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या नावांना जी रूपं दिली ती आठवा. जाहिरातीतलं नुसतं नाव बघून नाटकाचा बाज कळायचा. पण रेखाटनाआधी नियतकालिकाच्या नावाला नियतकालिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी निबंधकांकडून मंजुरी मिळवा. नियतकालिकांच्या नोंदणीच्या २०२३ च्या कायद्यानुसार ती लागते, आणि मनात धरलेलं नाव आधीच कुणी घेतलेलं असू शकतं.

मुखपृष्ठावर किती ओळी असाव्यात, यात दोन इंग्रजी मासिकं शेजारी ठेवण्यासारखी आहेत. १९८१ साली निघालेलं ‘केरँग’ हेवी मेटलच्या पोरांसाठी. पहिल्या अंकावर एसी/डीसी बँडचा गिटारवादक अँगस यंग, नावाची अक्षरं काच तडकावी तशी. पुढच्या काळात छोटे फोटो, पोस्टरच्या जाहिराती, उद्गारचिन्हं यांची दाटी. तो गोंगाटच त्या वाचकाला आपला वाटायचा. १९९३ साली आलेलं ‘मोजो’ मोठ्या वयाच्या, जुन्या तबकड्या सांभाळणाऱ्या श्रोत्यासाठी. तिथे एक मोठा, बहुधा जुना फोटो आणि त्याच्याभोवती शिस्तीत बसवलेली नावं. आपल्या भजन-नाट्यसंगीताच्या वाचकाला ‘मोजो’ची शिस्त जवळची वाटेल. तीन ओळी पुरे: एक मुख्य विषयाची, एक मुलाखतीची आणि एक शिकणाऱ्याच्या कामाची, उदाहरणार्थ स्वरलिपीसह एखादा अभंग. ही तिसरी ओळ वगळू नका. पेटी शिकणारी मुलगी तिच्यासाठीच अंक घेते.

अंक कुठे हातात पडणार

टपालानं घरी जाणाऱ्या अंकाचं मुखपृष्ठ शांत चालतं. हाथरसचं ‘संगीत’ १९३५ पासूनचं, गांधर्व महाविद्यालय मंडळाचं ‘संगीत कला विहार’ १९४७ पासूनचं. विद्यार्थी आणि शिक्षक हा त्यांचा बांधलेला वाचक. तुमच्या हाती तशी वर्गणीदारांची यादी असेल तर ओरडायची गरज नाही.

महोत्सवाच्या वेळी कला अकादमीत किंवा फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात बाहेर टेबलावर अंक विकणार असाल तर तिथला श्रोता आधीच गाण्याच्या नादात असतो. बुडालेला चेहरा तिथे सगळ्यात चांगला चालेल. बसस्थानकावरच्या स्टॉलवर अंक दैनिकांच्या गठ्ठ्याआड अर्धा झाकला जातो, म्हणून नाव वरच्या डाव्या भागात हवं. आणि व्हॉट्सॲपवर तर मुखपृष्ठ काडेपेटीएवढं होऊन पोचतं. फोनवर जे ओळखता येत नाही ते काढून टाका.

आपल्या पावसाचाही विचार करा. २५० ते ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाच्या) आर्टपेपरला फक्त बाहेरून लॅमिनेशन केलं की आतली बाजू दमट हवेतला ओलावा ओढते, फुगते आणि कव्हर बाहेरच्या बाजूला वळतं. जून ते सप्टेंबरचा अंक लॅमिनेशनऐवजी साध्या वॉर्निशवर काढलेला बरा. काळ्याभोर मुखपृष्ठावर मॅट लॅमिनेशन देखणं दिसतं, पण बोटांचे ठसे आणि ओरखडे लगेच उठतात. टेबलावर शंभर हात लागणाऱ्या अंकाला ते नको.

माझी निवड विचाराल तर वर्षाचे चार अंक मी असे लावीन: चवथीच्या अंकावर हात, दिवाळीला चित्र, हिवाळी महोत्सवांच्या अंकावर गाण्यात बुडालेला चेहरा, आणि उन्हाळी अंकावर जागा. पथकं आणि शिकवणीचे वर्ग हाच तुमचा मुख्य वाचक असेल तर चारपैकी दोन अंक हाताला द्या. नावाची अक्षरं आणि त्यांची जागा चारही अंकांत हलवू नका. फोटो कुणाचाही असो, छायाचित्रकाराची लेखी परवानगी घ्या आणि त्याचं नाव आत पहिल्याच पानावर छापा. छापायला देण्याआधी प्रूफ खऱ्या आकारात काढून जवळच्या स्टॉलवर इतर अंकांत ठेवून बघा, आणि एखाद्या पखवाजवादकाला व एखाद्या नुसत्या श्रोत्याला वेगवेगळं दाखवा.