पाणबुड्याचा जुना सिलिंडर गाडीखाली: अकरा महिन्यांचा अनुभव

पाणबुडे पाठीवर लावतात तो अॅल्युमिनियमचा सिलिंडर मी माझ्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीखाली हवेची टाकी म्हणून बसवला, त्याला आता अकरा महिने झाले. पाण्याची क्षमता ११ लिटर, खांद्यावर कोरलेला कामाचा दाब २०० बारच्या थोडा वर (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेइतका दाब), रिकामं वजन १४ किलो. दाबाच्या चाचणीची मुदत उलटली म्हणून वापरातून काढलेला, चाचणीत नापास झालेला नव्हे. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. नापास झालेला सिलिंडर कमी दाबालासुद्धा घेऊ नये.

मी तो २०० बारला भरत नाही. १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसरने ८.५ बारपर्यंत भरतो. माझ्या एका मित्राची रीत वेगळी आहे. त्याच्याकडे चाचणीची मुदत शिल्लक असलेला असाच सिलिंडर आहे. तो बाहेरून २०० बारला भरून आणतो आणि दाब उतरवणारा रेग्युलेटर लावून हवा वापरतो. वाळूत चालवायला टायरमधली हवा कमी करतो, ती नंतर परत भरावी लागते. माझ्या मापाच्या टायरला १८ वरून ३५ पीएसआयवर (सुमारे २.४ बार) न्यायला साधारण ८० लिटर मोकळी, म्हणजे न दाबलेली हवा लागते. त्याच्या सिलिंडरात दोन हजार लिटरहून अधिक हवा मावते, म्हणजे पंचवीसेक टायर. माझ्या टाकीतून ८.५ बारवरून टायरच्या दाबापर्यंत येताना मिळते जेमतेम ६७ लिटर. एक टायरसुद्धा पुरा होत नाही! हे आधीच सांगतो, कारण टाकी बसवली म्हणजे चारही टायर फटाफट भरतील अशा समजुतीने पुष्कळ जण हा खटाटोप करतात. टायर भरतो तो कॉम्प्रेसरच. मी एका चाकाकडून दुसऱ्याकडे जाऊन नळी लावेपर्यंत तो टाकी भरत राहतो, तेवढाच वेळ वाचतो. पूर्वी चार टायरना बारा-तेरा मिनिटं लागायची, आता नऊ.

मग टाकी कशासाठी? रिमवरून सुटलेला टायर परत बसवायला. तिथे एकदम जोराचा झोत लागतो आणि तो नुसत्या कॉम्प्रेसरला जमत नाही.

पहिल्यांदा तो टाकीलाही जमला नाही. टायर वाळूत रिमवरून निसटला, टाकी पूर्ण भरलेली, तरी नळीतून हवा यायची ती फुसफुसत. दोष सिलिंडरच्या मूळ व्हॉल्व्हमध्ये होता. त्याचं छिद्र २०० बारच्या हवेसाठी आखलेलं असतं. त्या दाबाला बारीक वाटेनेही भरपूर हवा जाते. आठ-नऊ बारला त्याच वाटेने विसाव्या हिश्शाच्या आसपासच हवा निघते. त्या व्हॉल्व्हवरची फुटणारी सुरक्षा-चकतीही सिलिंडरच्या चाचणीच्या दाबाजवळ फुटते, त्यामुळे माझ्या दाबाला ती असून नसल्यासारखी. मी व्हॉल्व्ह काढला आणि मानेच्या आट्यात बसणारा, आतून अर्धा इंच मोकळा अडॅप्टर लावला. त्यापुढे चार तोंडांचा ब्लॉक: कॉम्प्रेसरकडून येणारी हवा, बाहेर जाणारी हवा, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि ठरलेल्या दाबाला कॉम्प्रेसर बंद करणारा प्रेशर स्विच. नंतर दोनदा टायर रिमवर बसवला, दोन्ही वेळा पहिल्याच झोतात.

व्हॉल्व्ह काढण्याआधी सिलिंडर पूर्ण रिकामा करायचा आणि तो उघडा ठेवून बराच वेळ जाऊ द्यायचा. गेज शून्य दाखवतं एवढ्यावर पाना लावू नये. व्हॉल्व्ह आतून तुंबलेला असला तर बाहेर शून्य आणि आत दाब, असं होऊ शकतं. माझ्या सिलिंडरच्या मानेचे आटे सरळ आहेत, निमुळते नाहीत. अशा आट्यात गळती ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, थांबवते. तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळून काही साधत नाही.

सेफ्टी व्हॉल्व्ह मी आधी ११ बारचा लावला होता आणि स्विच १० वर बंद होत असे. एका दुपारी गाडी कडक उन्हात उभी होती आणि खालून सूं सूं आवाज येऊ लागला. २५ अंशांवर १० बारला भरलेली टाकी ६५ अंशांपर्यंत तापली तर दाब साडेअकराच्या घरात जातो. सेफ्टी व्हॉल्व्हने आपलं काम चोख केलं, चूक माझ्या आकड्याची होती. तेव्हापासून स्विच ८.५ वर. सिलिंडर २०० बार सोसतो म्हणून व्हॉल्व्ह त्या हिशेबाने निवडायचा नसतो. नळ्या, सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणारा व्हॉल्व्ह), जोड हे सगळे दहा-बारा बारचे असतात, आणि त्यांतला सगळ्यात कच्चा भाग पूर्ण व्यवस्थेचा दाब ठरवतो. टाकी फुटण्याची भीती मात्र या दाबाला मला वाटत नाही. २०० बारला याच सिलिंडरात जेवढी ऊर्जा साठते तिच्या पंचविसाव्या हिश्शाहूनही कमी आत्ता आत आहे.

सगळ्यात जास्त त्रास दिला पाण्याने. दमट हवेत एकदा टाकी भरली की दीड-दोन ग्रॅम पाणी आत सुटतं. ऐकायला किरकोळ, पण ते साचत जातं. ट्रकच्या हवेच्या टाकीला बुडाशी ड्रेन असतो, या सिलिंडरला तोंड एकच, तेही मधोमध. सिलिंडर आडवा बसवला की पाणी पोटाशी साठतं आणि तोंडापर्यंत पोचतच नाही. खाली भोक पाडून ड्रेन बसवण्याचा सल्ला मला दोघांनी दिला. कृपा करून तसं करू नका. भोक नको, वेल्डिंगही नको. या अॅल्युमिनियमची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेने आणलेली असते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ती जाते. भट्टीत भाजायचं पावडर कोटिंगही याच कारणासाठी टाळलं, साधा रंग दिला. पाण्यासाठी मी अडॅप्टरमधून एक बारीक नायलॉनची नळी आत सोडली, टोक वाकवून तळाला टेकवलं आणि बाहेरच्या टोकाला कॉक लावला. कॉक उघडला की आतला दाबच पाणी वर ढकलतो. दमट दिवसांत आठवड्याला लहान चमचाभर पाणी निघतं.

आठ महिन्यांनी अडॅप्टर काढून आत बॅटरी मारून पाहिलं. तळाला पांढुरके डाग होते, खड्डे नव्हते. ओळखीतल्या एकाने लोखंडी सिलिंडर ड्रेनशिवाय बसवला होता, त्याच्या सोलेनॉइडमध्ये गंजाचे पापुद्रे अडकले. अॅल्युमिनियम घेताना मात्र मिश्रधातू पाहावा. ६३५१ या मिश्रधातूच्या जुन्या सिलिंडरांना मानेशी चिरा पडतात. १९८० च्या दशकात असे बरेच बनले. तसला असेल तर मी हातही लावणार नाही.

बाहेरच्या बाजूला जे दिसलं त्याची अपेक्षा नव्हती. लोखंडी पट्ट्यांखाली मी रबर दिलं होतं. त्याने चिखलपाणी धरून ठेवलं आणि तिथे अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी आली. आता रबराऐवजी कडक प्लास्टिकच्या पट्ट्या आहेत, मध्ये पाणी वाहून जायला फटी ठेवल्या आहेत, आणि दर दोन महिन्यांनी बोल्ट सोडून खाली बघतो. बोल्ट थेट चासीला आहेत. १४ किलोचा गोळा अपघातात सुटू नये यासाठी पत्र्यावर विसंबायचं नाही.

एक काम राहिलंय. डिफरन्शियल लॉकर, म्हणजे एका आसावरची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी हवेवरची कळ, याच टाकीवर चालतो. टायर भरताना दाब उतरला की लॉकर सुटतो. त्याच्यासाठी लहान वेगळी टाकी आणि मध्ये हवा एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावायचाय. सामान आणून ठेवलंय.